आकाशकंदिलाच्या वायरला लोंबणारा कचरा

गॅलरीतली_तुळस | १० फेब्रुवारी, रात्री ९:१२

मंडळी, पक्ष्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारतेय.

डोंबिवली, चौथा मजला. दिवाळीचा आकाशकंदील उतरवला, पण त्याची वायर अजून गॅलरीच्या छताला तशीच लोंबतेय (हो, आळस. घरी रोज ऐकून घेते). चार-पाच दिवसांपासून त्या वायरला काहीतरी चिकटत चाललंय. आधी जळमट वाटलं. मग त्यात वाळकं गवत दिसलं, सालीचे कपटे दिसले, कंदिलाच्याच जिलेटीन कागदाची एक पट्टीही दिसली. आज सकाळी चहा घेताना बघते तर अंगठ्याएवढी एक चिमुरडी त्याला उलटी लटकून चोचीने काहीतरी टाके घालत होती!

मागच्या वर्षी कढीपत्त्याच्या कुंडीवरच्या दोरीला असंच लोंबत होतं. साबांनी (सासूबाईंनी) कचरा समजून केरसुणीने ओढून काढलं. आतून पांढराशुभ्र कापूस निघाला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्या अजून तो विषय निघाला की उठून आत जातात.

तर, हा पक्षी कोणता? बरोबर एक रंगीत नर असतो: गळा जांभळा, पोट पिवळं, पाठ विटकरी. आणि दुसरं म्हणजे मार्चमध्ये बिल्डिंगचा रंग आहे. परांची बांधणार. काय करू?

खवचट_खारूताई | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

कंदील न काढण्याचं इतकं सुंदर कारण आजवर कुणाला सुचलं नव्हतं. आमच्याही घरी हे ऐकवणार आहे.

दुर्बीण | १० फेब्रुवारी, रात्री १०:०५

तुळसताई, अभिनंदन. शिंजीर आहे. सूर्यपक्षीही म्हणतात. आपल्याकडे शहरांत मुख्यतः दोन दिसतात. एक जांभळा शिंजीर, ज्याचा नर विणीच्या दिवसांत सबंध काळा-निळा-जांभळा चमकतो. दुसरा तुमचा, इंग्रजीत पर्पल-रम्प्ड सनबर्ड (जांभळ्या कमरेचा): पिवळं पोट, विटकरी पाठ आणि कमरेवर जांभळा डाग. तो डाग पंख मिटले की झाकला जातो, त्यामुळे नावात असूनही पटकन दिसत नाही. माद्या ओळखायला गळा बघा. गळा पांढुरका आणि खाली पिवळं असेल तर तुमचीच. गळ्यापासून सगळंच पिवळसर असेल तर जांभळ्याची.

जांभळ्याच्या नराची एक गंमत आहे. वीण आटोपली की तो झगमगाट उतरवतो आणि जवळजवळ मादीसारखा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. लोकांना वाटतं तिसराच पक्षी आला. तुमच्या गॅलरीतला नर मात्र बारा महिने नटलेला असतो.

आता घरट्याबद्दल. ते कचऱ्यासारखं दिसतं कारण ते तसंच दिसायला हवं असतं. मूळ सांगाडा बारीक तंतू, गवत आणि कोळ्याच्या जाळ्याचा. जाळं हाच दोरा आणि तोच डिंक. बाहेरून ती सालीचे कपटे, दगडफूल, वाळकी पानं, सुरवंटांची विष्ठा असं काय मिळेल ते डकवते. शिकाऱ्याला वाटावं, जाळ्यात पालापाचोळा अडकलाय. साबांना सांगा, त्या फसल्या हे त्या पक्षिणीचं यश होतं.

बाजूला गोल दार असतं आणि दारावर छोटी पडवी पुढे आलेली असते. ती दिसली का? आत रुईचा किंवा सावरीचा कापूस. बांधकाम मादी एकटी करते. नर आसपास भिरभिरतो, गातो, कामाची पाहणी करून जातो.

खवचट_खारूताई | १० फेब्रुवारी, रात्री १०:११

म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी.

गॅलरीतली_तुळस | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

पडवी आहे!! आत्ताच बघितली. टोपीच्या झापेसारखी. साबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण गॅलरीतले कपडे आत हॉलमध्ये वाळत घालायला लागल्यात.

पळसफूल | ११ फेब्रुवारी, दुपारी १:२२

वा! आमच्या इकडे (भंडारा जिल्हा) आता पळस पेटायला सुरुवात झाली राजेहो. पान एक नाही, नुसती केशरी फुलं, आणि त्यावर शिंजिरांची जत्रा. मैना, कोतवाल, सगळेच येतात रस प्यायला, पण मोठ्यांची धसमुसळी. शिंजीर कसा फुलाच्या देठावर बसतो, मान वाकडी करून बाकदार चोच आत घालतो. कपाळावर पिवळे परागकण माखून निघतात. तसाच दुसऱ्या झाडावर जातो. झाडाचं काम फुकटात होऊन जातं.

पळसासारखेच पांगारा, काटेसावर. माळावर धायटी फुललेली असली तर तिथे हमखास. तिची फुलं एवढुशी लाल नळकांडी, पण झुडूप भरून.

सलीम अलींनी १९३२ सालीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात यावर मोठा लेख लिहिला होता, कोणते पक्षी कोणत्या फुलांवर येतात आणि झाडाला त्याचा काय उपयोग होतो. पळसाकडे बघताना मला तो नेहमी आठवते.

देवरुखी | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

फार लाडात येऊ नका. या साहेबांची दुसरी बाजूही ऐका.

आमची हापूसची चाळीसेक कलमं. दर वर्षी बांडगूळ काढायला माणसं लावावी लागतात. बांडगुळाच्या नारिंगी नळीदार फुलांवर कोण येतो? शिंजीर. तो परागीभवन करणार, मग फळं धरणार. ती फळं खायला फुलटोचा येणार. बी असं चिकट, की ते त्याच्या बुडाला चिकटून राहतं, मग तो फांदीवर बूड घासून पुसतो. झालं, नवीन बांडगूळ लागलं. एकाने लग्न जमवायचं, दुसऱ्याने पोरं वाटत फिरायचं, आणि वाळायची आमची फांदी.

शिवाय जास्वंद. माझी आई देवाला फूल काढायला जाते तर फुलाच्या बुडाशी भोक. चोच आत पोचत नसली की हा सरळ बुडाला बाजूने टोचा मारतो आणि रस पिऊन पसार. पराग नाही, काही नाही. शुद्ध चोरी.

(हे सगळं लिहिलं तरी केळफुलावर सकाळी तो लोंबकळताना दिसला की मीही हातातलं काम टाकून बघत उभा राहतो, हे खरं.)

पळसफूल | ११ फेब्रुवारी, रात्री ८:०२

देवरुखीभाऊ, लग्न जमवणारा वाला हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवतो. पण फुलटोच्याला लोक सर्रास शिंजीर समजतात, ते वेगळे काढलेत हे बरं केलंत. फुलटोचा अजून छोटा, मळकट, आखूड चोचीचा.

एडिसनवाली | १२ फेब्रुवारी, पहाटे ४:१५

न्यू जर्सीहून. किती गोड धागा! आमच्याकडे मेमध्ये हमिंगबर्ड येतात, लाल गळ्याचे. मी अंगणात फीडर लावते, चार वाट्या पाण्याला एक वाटी साखर. तुळस, तूही लाव की. पिल्लांच्या आईबापांची धावपळ वाचेल.

त्यांचं घरटंही कोळ्याच्या जाळ्याचंच असतं बरं का, पण उघडी वाटी. अर्ध्या अक्रोडाएवढी. पिल्लं वाढतात तशी ती ताणून मोठी होते. आणि नर अजिबात फिरकत नाही, सगळं बाई एकटीच करते.

दुर्बीण | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

एडिसनवाली, माहिती छान, पण फीडरला माझा विरोध.

आधी एक गोंधळ सोडवू, कारण दर वर्षी कुणीतरी "आमच्या बागेत हमिंगबर्ड आला" म्हणून फोटो टाकतं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत. भारतात एकही नाही. शिंजीर आफ्रिका, आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे. दोन्ही घराण्यांचा जवळचा संबंध नाही. फुलातला रस हेच अन्न म्हटल्यावर दोघांच्या चोचा, जिभा, चमकणारे रंग वेगवेगळ्या वाटांनी सारखे होत गेले. फरक बसण्यात आहे. हमिंगबर्ड हवेत थांबून पितो, शिंजीर शक्यतो बसून. क्षणभर फडफडत थांबतोही, पण ते त्याचं रोजचं काम नाही.

आता फीडर. तुमच्या थंड हवेत पाणी दोन-तीन दिवसांनी बदललं तरी चालत असेल. डोंबिवलीच्या मार्चमध्ये ते त्याआधीच आंबेल, बुरशी धरेल, आणि मुंग्यांची रांग लागेल ती वेगळीच. त्याच मुंग्या वायरवरून घरट्यात. आणि मुख्य म्हणजे पिल्लांना साखर नको असते. पिल्लं वाढतात ती किडे, अळ्या, कोळी यांच्यावर. मोठे स्वतः रस पितात, पण चोचीत आणतात ते कोळी. म्हणजे कोळ्याच्या जाळ्याचं घर, आणि त्याच घरात त्याच कोळ्याचं जेवण!

द्यायचंच असेल तर फुलं द्या. जास्वंद, रसेलिया, शंकासूर. आणि कृपा करून कोपऱ्यातली जळमटं महिनाभर राहू द्या.

खवचट_खारूताई | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:४१

कंदील काढायचा नाही, जळमटं काढायची नाहीत. दुर्बीणभाऊ, तुम्ही माझे गुरू.

एडिसनवाली | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

पटलं. मुंग्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे फीडरच्या वर मुंग्या अडवायला पाण्याची वाटी असते, पण घरट्याला कुठून लावणार!

शारजाकर | १३ फेब्रुवारी, रात्री ११:४८

आमच्याकडे आखातातही जांभळा शिंजीर आहे बरं. बिल्डिंगखालच्या बागेत रोजचा. सध्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या आरशाशी त्याचं भांडण सुरू आहे. आरशात दिसणारा नर म्हणजे आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर, या समजुतीने तासन्‌तास टोचा. त्या भरात काखेतला पिवळा-नारिंगी झुपका बाहेर काढून दाखवतो. बायको म्हणते, तुझ्या गाडीवर एवढं प्रेम करणारा पहिलाच भेटला. आता आरशाला जुना मोजा चढवून ठेवतो.

गॅलरीतली_तुळस | १९ फेब्रुवारी, सकाळी १०:००

अपडेट. वाईट बातमी आहे बहुतेक. घरटं सोळा तारखेला पूर्ण झालं. तेव्हापासून दोघंही गायब. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. परवा मी कुंड्या सरकवल्या होत्या, त्यामुळे तर नाही ना? साबांनी जेवताना विचारलं, "आली का गं?" मी नाही म्हटलं तर ताटावरून अर्ध्यावर उठल्या.

दुर्बीण | १९ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

घाई करू नका. घरटं झाल्यावर अंडी घालायला मध्ये काही दिवस जाणं नेहमीचं आहे. कुंड्या आता हलवू नका इतकंच.

गॅलरीतली_तुळस | २४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

आली!!! काल सकाळी आत शिरली ती अर्धा तास बाहेर नाही. आज ती उडून गेल्यावर मोबाईल काठीला बांधून दारातून फोटो काढला. दोन अंडी! हिरवट पांढरी, जाड टोकाकडे तपकिरी ठिपके. फोटो टाकू का?

दुर्बीण | २४ फेब्रुवारी, सकाळी ७:३२

नको. आणि पुन्हा काठी लावू नका. रागावतोय असं समजा हवं तर. आत डोकावणं, फ्लॅश, दारासमोर उभं राहणं यांनी मादी घरटं सोडू शकते. शिवाय कावळे हुशार असतात, माणूस कुठे सारखा जातोय हे ते बघून ठेवतात. भारद्वाजही असतोच टपलेला. हॉलच्या काचेआडून बघा.

नियमबुवा | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

दुर्बीण यांना अनुमोदन, आणि एक भर. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं. रंगकामाच्या कंत्राटदाराला आणि सोसायटीला हे लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं परांचीपर्यंत पोचत नाही.

गॅलरीतली_तुळस | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

चुकलं. काठी माळ्यावर टाकली. फोटो डिलीट केला नाही पण कुणाला दाखवणारही नाही.

मादी बसते तेव्हा दारातून फक्त चोच बाहेर दिसते, सुईसारखी. आणि बसायला येताना अजून कापूस घेऊन येते! अंडी घातल्यावरही अस्तर चालूच आहे. साबांनी उशी उसवून कापूस गॅलरीच्या कठड्यावर ठेवला होता. ढुंकून बघितलं नाही तिने.

देवरुखी | २४ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

रुईची बोंडं फुटली की तो कापूस असा तरंगत येतो की हातात धरवत नाही. उशीचा जड लागत असेल बाईसाहेबांना.

गॅलरीतली_तुळस | ६ मार्च, रात्री ८:२०

मुकादम येऊन गेला. सोसायटीला पत्र दिलं होतं, त्याचा उपयोग शून्य. सेक्रेटरी म्हणाले, "एका चिमणीसाठी चाळीस फ्लॅट थांबायचे का?" पण मुकादमाला घरात बोलावून काचेतून दाखवलं तर तो पाच मिनिटं नुसता बघत राहिला. म्हणाला, "ताई, आमच्या गावी बाभळीला असतं हे. तुमची लाईन शेवटी घेतो." परांची दोन्ही बाजूंनी आलीय, आमच्या गॅलरीपुढची एक पट्टी तेवढी मोकळी.

नियमबुवा | ६ मार्च, रात्री ८:५५

पत्राची पोच घेतलीत ना?

खवचट_खारूताई | ६ मार्च, रात्री ८:५७

बुवा, मुकादमाने घेतली.

गॅलरीतली_तुळस | ११ मार्च, सकाळी ८:०५

काल दुपारपासून दोघांची ये-जा वाढलीय. मादी चोचीत कोळी घेऊन आली, पाय लोंबत होते त्याचे. नरसुद्धा आणतो! एक विचारायचंय. नर जाताना चोचीत पांढरं काहीतरी घेऊन लांब जाऊन टाकतो. अंड्याचं कवच का?

दुर्बीण | ११ मार्च, सकाळी ८:४०

पहिल्या दिवशी कवच असू शकतं. रोज दिसलं तर ती पिल्लांची शी. पातळ पिशवीत बांधून येते, आईबाप उचलून लांब टाकतात. घरट्याखाली पांढरे डाग पडले तर शिकाऱ्याला पत्ता कळेल ना.

एडिसनवाली | ११ मार्च, संध्याकाळी ६:१०

निसर्गाने डायपर इथे दिले आणि आमच्याकडे नाही!

गॅलरीतली_तुळस | २० मार्च, रात्री १०:३०

काल पाडव्याची गुढी यंदा बेडरूमच्या खिडकीत उभी केली. साबांचाच निर्णय, मी काही बोलले नव्हते.

दारात एकच चोच दिसते. पिवळ्या कडांची, उघडी. दोन अंडी होती. रोज मोजतेय, एकच.

आज दुपारी पाइपने कुंड्यांना पाणी घातलं तर नर आला आणि कर्दळीच्या ओल्या पानावर पोट टेकून घसरगुंडी खेळावी तसा घसरला. तीनदा. मग पंख झाडून कामाला.

दुर्बीण | २० मार्च, रात्री १०:५०

दवात किंवा पानावर साचलेल्या थेंबांत अंघोळ करतात ते असे. नशीबवान आहात, मी वीस वर्षांत दोनदाच बघितलंय.

दुसऱ्या अंड्याचं असं होतं. उबलं नसेल, किंवा पिल्लू पहिल्या दिवसांतच गेलं असेल. बघायला जाऊ नका.

गॅलरीतली_तुळस | २७ मार्च, सकाळी ९:२५

उडालं. काल सकाळी सव्वासातला. आधी दारात बसलं, मग मागे सरकलं, मग नर समोरच्या परांचीच्या बांबूवर बसून ओरडायला लागला. एकदम झेप घेतली ते थेट कढीपत्त्यात. तिथे दहा मिनिटं नुसतं धापा टाकत होतं. शेपूट आखूड, चोचही अजून पुरती लांब नाही. आज सकाळी गुलमोहरावर नर त्याला भरवताना दिसला.

साबांनी विचारलं, घरटं काढून शोकेसमध्ये ठेवूया का.

देवरुखी | २७ मार्च, सकाळी १०:१०

ठेवा तिथेच. काय खातंय का ते?

दुर्बीण | २७ मार्च, सकाळी १०:१८

राहू द्या. जुनं घरटं कधी कधी पुन्हा वापरतात. नाही वापरलं तरी सामान काढून नेतील.

खवचट_खारूताई | २७ मार्च, सकाळी १०:२०

म्हणजे कंदिलाची वायर आता पुढच्या दिवाळीपर्यंत. ठरवून केलंत तुम्ही हे.

गॅलरीतली_तुळस | ९ एप्रिल, सकाळी ७:०२

मुकादमाला शेवटची लाईन सोमवारपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. वायरसकट घरटं अलगद उतरवून कढीपत्त्याला बांधायचं असं साबांनी ठरवलं होतं, सुतळीही काढून ठेवली होती.

आत्ता चहा घेऊन बाहेर आले तर मादी दारात लटकलेली. चोचीत जाळ्याचा धागा. पडवीची एक बाजू पाण्याच्या फवाऱ्याने फाटली होती, तिथे टाके घालतेय.

साबा मुकादमाला फोन लावतायत.